चौसष्टच्या बॉयलरवरची माझी सही

बॉयलर शाबूत असतो तोवर तो तपासणाऱ्या माणसाला कोणी ओळखत नाही. फुटला की मात्र सगळे त्याचंच नाव शोधतात. मी एकतीस वर्षं जर्मनीत बॉयलर तपासले आणि माझं नाव शोधायची वेळ कोणावर आली नाही. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या संपादकांचा निरोप आला की दिवाळी अंकासाठी कामातले गमतीदार अनुभव लिहा, तेव्हा मी लगेच हो म्हणून बसले. गमती भरपूर आहेत. पण लिहायला घेतलं आणि पहिल्याच पानावर आकरमान आडवा आला. त्याला ओलांडून पुढे जाता येईना. त्यामुळे गमती थोड्या आणि आकरमान फार, असा हा लेख झाला आहे. संपादकांनी गोड मानून घ्यावा.

माझं काम सांगायला सोपं आहे. बॉयलर म्हणजे मोठा कुकर. घरच्या कुकरचं रबर जुनं झालं की घरातल्या माणसाला शिट्टीवरून कळतं. कारखान्यातल्या बॉयलरकडे इतक्या मायेने कोणी पाहत नाही, म्हणून कायद्याने आमच्यासारख्यांची नेमणूक होते. ठरावीक मुदतीने जायचं, बॉयलर थंड करून उघडायला लावायचा, आत शिरायचं, दिवा धरून बघायचं, हातोडीने वाजवायचं, पाणी भरून दाब देऊन बघायचं, आणि मग सही करायची किंवा करायची नाही. सही झाली तर बॉयलर चालतो. नाही झाली तर त्या क्षणापासून ते नुसतं लोखंड.

मी मूळची सांगलीची. पुण्याला इंजिनिअरिंग केलं आणि डार्मश्टाटला पीएच.डी.साठी आले. विषय होता, पोलादाला तडे कसे जातात. माझ्यासाठी स्थळं बघताना हा विषय सांगायची वेळ आली की आईची पंचाईत व्हायची. पुढे लग्न झालं, यांना सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली, मला तपासणी संस्थेत, आणि आम्ही लुडविग्सहाफेनला घर केलं. तिथल्या रासायनिक कारखान्यांत बॉयलर आणि दाबाची भांडी इतकी की माझ्यासारख्यांच्या दोन पिढ्यांना पुरून उरावीत.

सुरुवातीची काही वर्षं कुठेही गेले की फाटकावर एकच प्रश्न यायचा, "हेअर प्रूफर कधी येणार?" प्रूफर म्हणजे तपासनीस, आणि हेअर म्हणजे तो पुरुष असणार हे गृहीत. मी म्हणायची, "आलाय." एका बिअरच्या कारखान्याचा मालक तर माझ्या मागे कोणी येतंय का म्हणून रस्त्यापर्यंत जाऊन बघून आला होता. माझी उंची पाच फुटांना दोन इंच कमी आहे. साडीच्या दुकानात तिचा काही उपयोग होत नाही, बॉयलरच्या तोंडाशी मात्र होतो. दांडगे जर्मन सहकारी जिथे खांद्यापाशी अडकायचे तिथून मी सुळकन आत जायची.

खरी कटकट वेगळीच होती. बॉयलर जिथे गळतो तिथे पाणी वाळून चुन्याचा पांढरा ओघळ राहतो. मला तो ओघळ बघायचा असतो. म्हणून फोनवर मी आधी बजावायची, काही पुसू नका, काही रंगवू नका, आहे तसं राहू द्या. पण पाहुणा यायच्या आधी घर आवरायचं नाही, हे जर्मन माणसाला जमतच नाही. एका लाँड्रीच्या मालकीणबाईंनी मी येणार म्हणून बॉयलर चांदीच्या रंगात रंगवून वर फुलदाणी ठेवली होती. मी तो रंग खरवडायला लावला तेव्हा बाई रडायच्या बेतात आल्या.

आता आकरमान.

आमच्या घरापासून तासाभरावर एक अरुंद खोरं आहे. नाव सांगत नाही. त्यात पूर्वी शाखेची रेल्वे होती. मुख्य लाइनवरून फुटायची, चार गावं घ्यायची आणि डोंगरापाशी संपायची. सरकारने ती कधीच बंद केली होती, पण गावातल्या हौशी लोकांनी संस्था काढून, रूळ भाड्याने घेऊन, सुट्टीच्या दिवशी वाफेची गाडी चालवायला सुरुवात केली. एकच इंजिन. एक सहकारी निवृत्त झाला आणि त्याच्या यादीतलं ते इंजिन माझ्याकडे आलं.

शेडच्या दारात एक उंच, वाळका म्हातारा उभा होता. निळा डगला, वरपर्यंत लावलेली बटणं. हेअर प्रूफर कुठे आहेत असं त्याने विचारलं नाही. नाव सांगितलं, आकरमान, या बॉयलरची जबाबदारी माझ्याकडे. मग म्हणाला, "तर, फ्राऊ डॉक्टर, आत जायचं दार लहान आहे. आधीचे साहेब निम्मे आत आणि निम्मे बाहेर राहून बघायचे." भट्टीच्या तोंडाशी त्याने एक धुतलेली घोंगडी घडी घालून ठेवली होती, माझ्या गुडघ्यांसाठी. एकतीस वर्षांत माझ्या गुडघ्यांचा विचार करणारा तो एकटाच माणूस.

तपासणी झाली की तो थर्मासमधला चहा द्यायचा आणि इंजिनाबद्दल बोलायचा. तरुणपणी तो याच वर्गाच्या इंजिनावर कोळसा टाकायचा. पुढे डिझेल आलं, तेही त्याने चालवलं, पण त्याबद्दल मी त्याच्या तोंडून कधी चांगला शब्द ऐकला नाही. बायको गेलेली, मुलगी हॅनोव्हरला आणि ती फारशी न येणारी. तो स्टेशनच्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा. सकाळी उठून शेडमध्ये यायचं आणि संध्याकाळी घरी जायचं, एवढाच दिवस.

या इंजिनाच्या वर्गाला चौसष्ट हा आकडा आहे. त्याची जन्मकथा आकरमानने मला हप्त्याहप्त्याने सांगितली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या निरनिराळ्या राज्यांच्या रेल्वे एकत्र झाल्या. प्रत्येकाची इंजिनं वेगळी, शेकडो प्रकार, एकाचा नट दुसऱ्याला बसत नाही. मग इंजिनिअरांची समिती बसली आणि तिने सगळ्या देशासाठी इंजिनांचं एकच कुटुंब आखायला घेतलं, ज्यांचे भाग एकमेकांना चालतील. आधी अर्थातच मेलगाड्यांची मोठी इंजिनं. खोऱ्यातल्या गाड्यांकडे लक्ष गेलं ते नंतर.

"आणि खोऱ्यातलं इंजिन आखणं जास्त अवघड," आकरमान म्हणाला. "मोठं इंजिन काय, मोठंच करत जायचं. इथे रूळ हलके, म्हणून चाकावर वजन जास्त देता येत नाही. लाइनच्या टोकाला इंजिन फिरवायची सोय नाही, म्हणून ते उलटंसुद्धा तितकंच नीट धावलं पाहिजे."

म्हणून मग मधे तीन मोठ्या चाकांच्या जोड्या आणि पुढेमागे एकेक लहान, दोन्ही दिशांना सारखंच. कोळसा-पाण्याचा वेगळा डबा जोडायचा नाही, सगळं अंगावरच. बॉयलर मात्र नवा आखला नाही, डबा जोडलेलं एक सख्खं भावंड होतं त्याच्याशी वाटून घेतला. असं ते आखूड, आटोपशीर इंजिन झालं. त्या काळी पोरींमध्ये बॉबकटची फॅशन आली होती, त्यावरून लोकांनी त्याला बुबिकोप्फ म्हणायला सुरुवात केली. माझाही तेव्हा बॉबकटच होता. आकरमान एकदा आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "दोन बुबिकोप्फ. आणि पाण्याच्या बाबतीत दोघी कडक." हा त्याचा मला आठवणारा एकमेव विनोद.

त्याच्याकडे मूळ नकाशांच्या प्रती होत्या. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात एक रकाना असतो, काय बदललं, कधी, कोणाची सही. तो रकाना वाचायला त्याने मला शिकवलं. या वर्गाची पाचशेवर इंजिनं बनली, बरीच वर्षं, तुकडीतुकडीने. पहिल्या तुकडीचं पुढचं चाक वळणावर त्रास देतं, असं कुठल्यातरी शेडने कळवलं असणार, शेवटच्या तुकडीत त्या चाकाची बांधणीच बदलली. मधेच कुठेतरी लांबी चार बोटं वाढवली. आकरमान रकान्यावर बोट ठेवून म्हणायचा, "हे बघा. इथे कोणीतरी तक्रार केली आणि तिथे बर्लिनमध्ये कोणीतरी ती ऐकली." एवढं बोलताना त्याचा आवाज बदलायचा. मला तो माणूस मनापासून आवडायला लागला होता. आमच्या धंद्यात हे चांगलं नसतं.

आता एक गोष्ट समजावून सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. इंजिनाची भट्टी म्हणजे पेटीत पेटी. आतल्या पेटीत आग, बाहेरची पेटी सभोवार, आणि दोन्हींच्या मधे पाणी. पाण्यावर दाब असतो, तो दोन्ही पेट्यांना एकमेकींपासून लोटत असतो. त्या फाकू नयेत म्हणून शेकडो बोल्ट आरपार घालून त्यांना एकत्र धरलेलं असतं. बोल्ट तुटतो तो मधे, पाण्यात, जिथे कोणाला दिसत नाही. म्हणून जुन्या लोकांनी फार शहाणपणाची युक्ती केली. प्रत्येक बोल्टला बाहेरच्या टोकातून विणायच्या सुईएवढं बारीक छिद्र पाडून ठेवलं. बोल्ट आत तडकला की पाणी त्या छिद्रात शिरतं आणि बाहेर ठिबकायला लागतं. बोल्ट स्वतः सांगतो, मी गेलो. एक गेला तर शेजारचे त्याचा भार उचलतात. पण एकाला एक लागून आठदहा गेले की पत्रा फुगतो, आणि मग काय होतं ते मी फोटोंत पाहिलं आहे. इंजिनावरची माणसं ओळखू येत नाहीत.

सहासात वर्षं सगळं ठीक चाललं. मग एका मार्चमध्ये मोठी तपासणी होती. भट्टीवरचं पत्र्याचं आवरण काढलं आणि दोन बोल्टांखाली मला पांढरे ओघळ दिसले. एकमेकांपासून लांब, सुटेसुटे, पण ओघळच.

"हो, ते दोन मला माहीत आहेत," आकरमान म्हणाला. "हिवाळ्यात बदलून घेतो."

दहा दिवसांनी ईस्टरची गाडी होती. खोऱ्यातली पोरं त्या गाडीची वर्षभर वाट बघायची. मी ओघळांची नोंद अहवालात केली असती तर बोल्ट बदलेपर्यंत इंजिन पेटवता आलं नसतं, आणि बोल्ट बदलणारे कारागीर आता देशात बोटांवर मोजण्याइतके, त्यांच्याकडे महिनोन्महिने नंबर लागत नाही. गाड्या चालल्या नाहीत तर गावाची ग्रामसभा टपलेलीच होती. तिला रूळ काढून तिथे सायकलींचा रस्ता करायचा होता, आणि संस्थेचा करार गाड्या चालताहेत तोवरच होता. इंजिन थांबलं तर लाइन जाणार, आणि लाइन गेली तर आकरमानला सकाळी उठून जायला जागा राहणार नव्हती. हे सगळं त्याने मला सांगितलं नाही. तो टोपी हातात घेऊन उभा होता. मलाच ते माहीत होतं.

मी नोंद केली नाही. सही केली. आणि तोंडी म्हटलं, "हेअर आकरमान, पुढच्या वेळी तिसरा दिसला तर मी सही करणार नाही."

"गेनाऊ," तो म्हणाला. म्हणजे, अगदी बरोबर.

घरी जेवताना मी यांना सांगितलं, "अहो, आज जरा नियम वाकवला." यांनी पोळीचा घास हातात धरून विचारलं, "पण लिहून ठेवलंस ना कुठेतरी?" मी हो म्हटलं. तेव्हा पहिल्यांदा खोटं बोलले, आणि तेही अगदी सहज.

मधल्या दोन वर्षांत फक्त वरवरची तपासणी असते. त्यात इंजिन चालू स्थितीत बघतात, आवरण काढत नाहीत. मी गेले, व्हॉल्व्ह पाहिले, दाबाचा काटा पाहिला, चहा प्यायले. बोल्टांचं काय झालं म्हणून विचारलं तर आकरमान म्हणाला, "दोन्ही कोरडे आहेत." मला बरं वाटलं. कोणी बदलले आणि कधी, हे मी विचारलं नाही. हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या उमेदवारालाही सुचला असता.

त्यातल्या दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांना नाताळची गाडी दाखवायला नेलं. सोबत आमची लेक इरा, ती तेव्हा कॉलेजात. इंजिन बघून सासूबाई जरा बिचकल्या. मला म्हणाल्या, "एवढी वाफ सुटतेय, धोका नाही ना गं?"

"आई, मीच तपासते हे इंजिन."

"मग बसते," त्या म्हणाल्या, आणि इंजिनाच्या मागच्या पहिल्याच डब्यात जाऊन खिडकीशी बसल्या. इरा त्यांना काहीतरी समजावत होती, अर्धं जर्मनमध्ये, आणि त्या कळल्यासारखं हसत होत्या. इंजिनाच्या खिडकीतून आकरमानने मला हात केला. तो त्या वयात स्वतः गाडीवर चढत नसे, दुसरे लोक चालवायचे. आज चढलाय, हे बघून मला वाटलं, आमच्यासाठीच.

पुढच्या मार्चमध्ये मोठी तपासणी. घोंगडी घडी घालून ठेवलेली. आवरण काढलेलं. आणि भट्टीच्या बाहेरच्या अंगाला काळा कुळकुळीत रंग, ताजा.

"रंग का दिलात?"

"गंज लागतो, फ्राऊ डॉक्टर."

मला लाँड्रीवाल्या बाई आठवल्या आणि मी मनातल्या मनात हसलेसुद्धा. मग आत गेले. आत बसून एकेक बोल्ट हातोडीने वाजवायचा असतो. धड बोल्ट खणखणीत वाजतो. तुटलेला वाजत नाही, हातोडी नुसती बसते. डाव्या बाजूला वरून तिसऱ्या ओळीत हातोडी बसली. शेजारी बसली. त्याच्या खाली बसली. मी खडूने खुणा करत गेले. खडूचा एक सलग पट्टा झाला, माझ्या दोन तळहातांएवढा. मधल्या पत्र्यावर दिवा तिरका धरला तर केसासारख्या रेघा, एका बोल्टापासून दुसऱ्यापर्यंत गेलेल्या. पोलादाला तडे कसे जातात हे मला चांगलं माहीत आहे. मी त्या भट्टीत गुडघ्यांवर बसून राहिले. बाहेर यावंसं वाटेना.

एवढे बोल्ट गेले तर बाहेर पाणी का नाही? बाहेर येऊन रंग खरवडला. बोल्टाच्या छिद्रात तांब्याचा खिळा होता. आत ठोकून, वरून कानशीने घासून, बोल्टाशी अगदी सपाट केलेला. शेजारच्यात दुसरा. लेथवर एकेक बनवलेले खिळे, सगळे एका मापाचे. काम इतकं सुबक होतं की रंग नसता तरी चटकन दिसलं नसतं.

मी तेवीस मोजले. आकरमान मागे उभा होता.

"हे कधीपासून?"

"त्या ईस्टरनंतर दुसऱ्याच आठवड्यात तिसरा ठिबकला."

"मग मला फोन का नाही केलात?"

"तुम्ही म्हणाला होतात, तिसरा दिसला तर सही नाही." आवाजात ठपका नव्हता. मी सांगितलेला नियम त्याने पाळला होता, एवढंच. तिसरा मला दिसू द्यायचा नव्हता.

मला संताप आला. त्या माणसावर मी पहिल्यांदा ओरडले. म्हटलं, "तुम्हीच मला ते नकाशे दाखवलेत. कोपऱ्यातला रकाना दाखवलात. लोकांनी तक्रारी कळवल्या म्हणून हे इंजिन असं झालं, हे तुम्हीच सांगितलंत. आणि तुम्ही बोल्टांची तोंडं बंद केलीत?"

"कळवणाऱ्यांकडे पाचशे इंजिनं होती, फ्राऊ डॉक्टर," तो म्हणाला. "माझ्याकडे एक."

"नाताळच्या गाडीत माझ्या सासूबाई होत्या. माझी मुलगी होती."

"माहीत आहे. म्हणून त्या दिवशी मी इंजिनावर चढलो." भट्टीच्या तोंडासमोर तो स्वतः उभा राहिला होता. काही झालं असतं तर पहिला तो गेला असता. त्याच्या हिशेबी हे बरोबर होतं, आणि ते त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं की माझा ओरडायचा जोर गेला. मी हातोडी पिशवीत टाकली आणि चहा न पिता निघाले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे वेगळं सांगायला नको. पत्र्याला तडे गेले होते, म्हणजे आता भट्टीच नवी पाहिजे, आणि ते त्या संस्थेच्या आवाक्यातलं काम नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मी दोन ओघळ लिहिले असते तर दोनचार बोल्ट बदलून भागलं असतं. एक हंगाम बुडाला असता. कदाचित करारही सुटला असता, कदाचित नसता. पण मी धमकी दिली आणि कागद कोरा ठेवला. लिहिलं असतं तर दुरुस्ती झाली असती. तोंडी बोलले म्हणून लपवालपवी झाली.

अहवाल तीन दिवसांनी पूर्ण झाला. त्यात सगळं लिहिलं. तुटलेले बोल्ट, तडे, खिळे, रंग. खिळ्यांचं लिहिलं नसतं तर आकरमान वाचला असता, हे मला ठाऊक होतं. पण दुसऱ्यांदा तीच चूक करायची माझी हिंमत नव्हती. बॉयलरची जबाबदारी ज्याच्याकडे असते त्याने अहवाल वाचून त्यावर सही करायची असते, म्हणून मी तो पोस्टाने न पाठवता घेऊन गेले. निदान एवढं तरी करावं.

स्टेशनच्या जुन्या प्रतीक्षागृहात तो टेबलाशी बसला होता. तोच निळा डगला, बटणं वरपर्यंत. त्याने चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. एक ओळही न सोडता. मी समोर बसून त्याच्या बोटाकडे बघत होते. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"इथे चूक आहे," तो म्हणाला.

मला वाटलं, आता गयावया करणार. मी मनाची तयारी केली.

"तेवीस नाहीत. सव्वीस आहेत. तीन पाण्याच्या टाकीमागे आहेत, टाकी उतरवल्याशिवाय दिसत नाहीत." त्याने खिशातून पेन काढलं, माझा तेवीसचा आकडा पट्टी धरून खोडला, वर सव्वीस लिहिलं, बाजूला आद्याक्षरं आणि तारीख घातली. जशी नकाशाच्या रकान्यात असते तशी. मग शेवटच्या पानावर सही केली. अक्षर जराही हललं नव्हतं.

कागद माझ्याकडे सरकवायच्या आधी त्याने त्यावर हात ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"यात आणखी काही राहिलं आहे का, फ्राऊ डॉक्टर?"

तो तीन वर्षांपूर्वीच्या ओघळांबद्दल विचारत होता, की कागद पुरा करायची त्याची नेहमीची सवय होती, हे मला आजही सांगता येणार नाही. प्रतीक्षागृहात आम्ही दोघंच होतो. पेन टेबलावर होतं.

मी म्हटलं, "नाही."

"गेनाऊ," तो म्हणाला, आणि हात उचलला.

पुढचं सगळं पटापट झालं. आकरमानचा परवाना रद्द झाला. संस्थेने त्याला काढलं आणि स्थानिक वर्तमानपत्राला तसं कळवलं. ज्या पोरांना घेऊन ईस्टरची गाडी गेली होती त्यांच्या आईबापांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि त्यांचं चुकलं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? करार संपला, रूळ निघाले, सायकलींचा रस्ता झाला. चांगला झाला आहे म्हणतात. चौसष्ट एका फाउंडेशनने नेलं, ते कुठल्याशा शहरात शेडखाली उभं आहे, भट्टी उघडी ठेवून, लोकांना आतली रचना कळावी म्हणून. खिळे अजून तिथेच आहेत असं एकाने सांगितलं. मार्गदर्शक ते बोटाने दाखवतो आणि निष्काळजीपणाचं उदाहरण म्हणून आकरमानचं नाव घेतो.

आकरमान त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात गेला. मुलीचं छापील कार्ड आलं, हॅनोव्हरहून. दफनाचा दिवस आणि वेळ होती. मी गेले नाही. यांना म्हटलं, सर्दी झाली आहे.

मुलीला पत्र लिहायचं मी कितीदा ठरवलं. तुझ्या वडिलांनी आपले तीन खिळे स्वतः सांगितले, आणि मी माझे दोन ओघळ सांगितले नाहीत, एवढंच लिहायचं होतं. जर्मनमध्ये मी हजारो अहवाल लिहिले आहेत, शब्द अडत नाहीत. तरी दर वेळी 'प्रिय फ्राऊ' च्या पुढे पेन सरकलं नाही. हा लेख मात्र एका बैठकीत लिहून झाला. मराठीत आहे, आणि त्या खोऱ्यात मराठी कोणाला वाचता येत नाही, हे लिहायला बसायच्या आधीच मला माहीत होतं.